गेलेल्या कुत्र्याचे केस रेझिनमध्ये घालून घरच्या घरी आठवण बनवता येते का? साचा विकत घ्यावा की स्वतः करावा?

तुमचा लॅब्रॅडॉर गेला, ब्रशमध्ये राहिलेले त्याचे फिकट केस आणि गळ्यातला बिल्ला तुम्ही जपून ठेवलाय, आणि त्याचं पेंडंट किंवा पेपरवेट करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. घरी नक्की जमेल. मी डोंबिवलीत घरीच रेझिनची (पातळ ओतलं की काचेसारखं घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची) कामं करते आणि त्यातली बरीचशी अशीच असतात. कोणाच्या मांजरीच्या मिशा, कोणाच्या पिल्लाचे पडलेले दुधाचे दात.

रेझिनची बाटली उघडण्याआधी केसांचे दोन भाग करा. एक भाग झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद करून कपाटात ठेवून द्या आणि तो नाहीच असं समजा. एपॉक्सी, म्हणजे या कामाला वापरायचं रेझिन, एकदा घट्ट झालं की वितळत नाही, आत गेलेला केस पुन्हा बाहेर येत नाही. कोणाकडून करून घेणार असाल तरी अर्धेच पाठवा, मग ती मी का असेना. पहिला प्रयोग त्याच्या केसांवर करूच नका. जवळच्या पेट पार्लरमध्ये मागितलेत तर त्याच रंगाचे केस मूठभर फुकट मिळतील.

केस कोमट पाण्यात शांपूचा एखादा थेंब घालून धुवा आणि टिश्यूवर पसरून दोन-तीन दिवस पूर्ण सुकू द्या. कातडीचं तेल राहिलं तर रेझिन गढूळ दिसतं, ओल राहिली तर केसांभोवती बुडबुडे धरतात. पावसाळ्यात नुसत्या हवेवर भरवसा ठेवू नका, सिलिका जेल टाकलेल्या डब्यात ठेवून मगच वापरा.

आता फिकट केसांची गंमत, जी व्हिडिओवाले सांगत नाहीत. पांढरा किंवा क्रीम रंगाचा केस रेझिनमध्ये भिजला की जवळजवळ दिसेनासा होतो. केसातून आणि एपॉक्सीतून प्रकाश साधारण सारखाच वळतो, त्यामुळे केसाची कडाच हरवते. लोकांना वाटतं केस विरघळले. तुमच्या लॅबच्या बाबतीत हे होणारच, म्हणून मागचा थर गडद घ्या: गर्द निळा, काळा किंवा बाटलीसारखा हिरवा, तोही अपारदर्शक. काळ्या कुत्र्याचं उलटं असतं. त्याचा जाड पुंजका नुसता डाग दिसतो, म्हणून मोजके केस सुटे करून मोतिया मायका पावडरच्या (अभ्रकाच्या चमकदार पुडीच्या) थरावर मांडावे लागतात.

पेंडंटसाठी साचा विकतच घ्या. गोल, थेंबाचा, हाडाच्या आकाराचा, हवा तो सिलिकॉन साचा ऑनलाइन किंवा क्रॉफर्ड मार्केटकडच्या क्राफ्टच्या दुकानांत मिळतो. आतून गुळगुळीत आणि चकचकीत असेल तोच घ्या, कारण साच्याचा पोत वस्तूवर जसाच्या तसा उमटतो. मॅट साच्यातून निघालेलं पेंडंट धुरकट दिसतं आणि मग घासत बसावं लागतं. साचा स्वतः करायची गरज पडते ती पंज्याच्या ठशासाठी, त्याबद्दल खाली लिहिते.

रेझिन घेताना ‘यूव्ही रेझिन’ आणि दोन बाटल्यांचं एपॉक्सी (एकीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारा हार्डनर) यातला फरक बघा. यूव्ही दिव्याखाली काही मिनिटांत सुकतं म्हणून मोह होतो, पण केसांच्या पुंजक्याखाली किंवा रंगीत थरात उजेड पोचत नाही आणि खालचं रेझिन कच्चं, चिकट राहतं. केसांसाठी दोन बाटल्यांचंच घ्या. प्रमाण कंपनीनुसार बदलतं, कुठे २:१, कुठे ३:१, कुठे १:१. ते वजनाने दिलंय की मापाने हे लेबलवर वाचा. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे मापाचं प्रमाण वजनकाट्यावर वापरलं की गणित चुकतं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालू नका, त्याने लवकर तर सुकत नाहीच, वर वस्तू कायमची चिकट राहते. अगदी पाच-सहा ग्रॅमचं मिश्रणही करू नका. इतक्या कमी वजनात काट्याची थोडीशी चूकसुद्धा महागात पडते.

तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत. मग दुसऱ्या कोरड्या कपात ओतून पुन्हा थोडं ढवळा, म्हणजे पहिल्या कपाच्या कडेचं न मिसळलेलं रेझिन मागे राहतं. साच्यात आधी साधारण ३ ते ४ मिलिमीटरचा पारदर्शक थर ओता. साचा उलटा असतो, म्हणजे आत्ता तळाला आहे तीच उद्याची दर्शनी बाजू. हा थर जेलीसारखा झाला, बोट लावलं तर ठसा उमटतो पण रेझिन बोटाला येत नाही, की केस मांडायचे. (बोटाला ग्लव्हज हवेच.) मांडण्याआधी केस थोड्या ताज्या रेझिनमध्ये बुडवून चिमट्याने निथळून घ्या. कोरडे केस थेट टाकले की त्यांच्यात अडकलेली हवा बाहेर येत राहते आणि टाचणीने बुडबुडे फोडताना केसांची मांडणी विस्कटते. त्यावर पुन्हा पातळ पारदर्शक थर आणि शेवटी गडद थर.

पेपरवेट करायचा तर घाई अजिबात नको. एपॉक्सी सुकताना उष्णता सोडतं. साधं आर्ट रेझिन एकदम जाड ओतलं तर ते तापतं, पिवळं पडतं, कधी तडकतं. थरावर थर द्या, नाहीतर खोल ओतकामासाठीचं वेगळं रेझिन येतं ते घ्या. कपात उरलेलंही तापून धुरावू शकतं, ते कागदावर पातळ पसरून टाका.

बिल्ल्याबद्दल माझं मत विचाराल तर तो रेझिनमध्ये घालू नका. त्याचा चालताना होणारा खुळखुळाट रेझिनमध्ये गेला की संपला. कडीत अडकवून पेंडंटशेजारी लटकवा. घालायचाच असेल तर कोरलेल्या अक्षरांत आधी ब्रशने रेझिन भरा, तिथे हवा हमखास अडकते.

घरात अजून एखादं जनावर असेल तर ही कामं त्याला बंद असलेल्या खोलीत करा. कच्चं रेझिन पोटात गेलं तर अपाय होतो, आणि मांजर टेबलावर चढणार नाही असं मानणारा माणूस मांजर पाळत नसावा. तुम्हीही नायट्राइलचे ग्लव्हज घाला, खिडकी उघडी ठेवा. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. घासायचं तर पाणी लावून घासा आणि मास्क लावा.

मुंबईकडच्या पावसाळ्यात वर तेलकट साय आल्यासारखी दिसली तर घाबरू नका. दमट हवेत हार्डनर असं करतो. पूर्ण सुकल्यावर कोमट साबणाच्या पाण्याने ती निघते, पण दोन थरांच्या मध्ये आली असेल तर पुसून, हलकं घासूनच पुढचा थर द्या. एसी असेल तर खोली ड्राय मोडवर ठेवा. साच्यातून साधारण २४ तासांनी काढता येतं, पण पूर्ण कडक व्हायला आठवडा लागू शकतो, तोवर गळ्यात घालू नका.

पंज्याच्या ठशाचं मात्र तुमच्या बाबतीत उशीर झालाय, ते इतरांसाठी लिहिते. तो जिवंतपणी, जनावर धडधाकट असतानाच घ्यावा. दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ती अल्जिनेट पावडर डेंटलच्या सामानाच्या दुकानात मिळते. गार पाण्यात कालवली की घट्ट व्हायला थोडा जास्त वेळ मिळतो. पंज्याच्या केसांना हलकं खोबरेल लावा, नाहीतर काढताना ओढले जातात. अल्जिनेट सुकताना आक्रसतं, म्हणून पंजा काढल्या काढल्या त्यात प्लास्टर ओतायचं. त्यात थेट रेझिन ओतू नका, ते ओलं असतं. प्लास्टरचा पंजा पूर्ण सुकवून, शेलॅक (लाखेचं वार्निश) लावून, त्यावरून सिलिकॉनचा साचा काढायचा आणि मग त्यात रेझिनचे हवे तितके पंजे ओतायचे. साच्यासाठी प्लॅटिनम सिलिकॉन हा प्रकार वापरणार असाल तर गंधक असलेली प्लास्टिसिन (खेळायची रंगीत माती) आणि लॅटेक्सचे ग्लव्हज लांब ठेवा, सिलिकॉन तिथे सुकतच नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पंजा थेट कधीही बुडवू नका, ते घट्ट होताना तापतं आणि भाजू शकतं. आणि नेटवर मिठाच्या कणकेचा सोपा उपाय दिसेल, तो कुत्र्याच्या घरात नकोच. कुत्रा ती कणीक खातो आणि इतकं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

राखेचंही बरेच जण विचारतात. चिमूटभर पुरते. चांगली सुकवून, चाळून घ्या, ती जड असल्यामुळे रेझिन जरा दाटू लागल्यावरच मिसळा, नाहीतर सगळी तळाशी बसते. आपल्याकडे घरात केस-नखं, अस्थी ठेवू नयेत असं मानणारी वडीलधारी माणसं असतात. त्यांना आधी विचारा. माझ्याकडे तयार झालेलं पेंडंट आजीच्या आक्षेपामुळे परत आलंय, आणि ते काही वितळवून सोडवता येत नाही.

तयार पेंडंट गाडीच्या आरशाला लटकवू नका. उन्हाने एपॉक्सी पिवळं पडतं, आणि साधारण ५० अंशांच्या आसपास बरीच आर्ट रेझिनं मऊ होऊन वाकतात. मे महिन्यात बंद गाडीत तेवढं सहज होतं.