संथा, पाढे आणि पस्तीस मुलांचा वर्ग

प्रश्न : चौथीला शिकवते, पटावर ३५ मुले. प्रशिक्षणात सांगतात, घोकंपट्टी नको. पालक म्हणतात, वैदिक गुरूंसारखे पाठच करून घ्या. पाढ्यांचे काय करू?
— एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर : पाठ करून घ्याच, पण पालक समजतात तसे नाही. अर्थ न कळता वेद म्हणणाऱ्याला यास्काने, वेदातील शब्दांचा अर्थ सांगणाऱ्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथात, ओझे वाहणारा खांब म्हटले आहे. गुरूची खरी कारागिरी ऐकण्यात होती. ऋग्वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या ऋक्प्रातिशाख्यात संथेची, म्हणजे गुरूकडून ऐकून पाठ घेण्याची, बैठकसुद्धा दिली आहे : शिष्य एक-दोन असतील तर गुरूच्या उजवीकडे, जास्त असतील तर जागा मिळेल तसे. इतक्या जवळून चुकलेला स्वर तिथल्या तिथे सापडतो. पुढे शब्द उलटसुलट म्हणण्याच्या पद्धती येत. जटापाठात शब्द १-२, २-१, १-२ असे म्हणायचे. घनपाठात १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३. उलटे जाताना चालीचा आधार सुटतो आणि कच्चे असेल ते उघडे पडते.

वर्गात पाढा सगळे एका सुरात म्हणतात. घोटाळा तिथेच होतो. ज्याला ‘सात सक’ येत नाही तो नुसते ओठ हलवतो आणि ‘बेचाळीस’ला सगळ्यांत मोठ्याने ओरडतो. म्हणून सुरात एकदाच म्हणवून घ्या. मग रोज पाच जणांचे वेगळे ऐका, प्रत्येकी दोन मिनिटे. शाळेच्या सात दिवसांत वर्ग पुरा होतो. सरळ पाढा ऐकूच नका. सातचा पाढा दहापासून खाली म्हणायला लावा, मग मधलेच विचारा. ‘सात नव्वे’ला अडले तर उत्तर सांगू नका, सात दाहे सत्तर, त्यातून सात काढ, एवढेच म्हणा. बाकीच्या तिसांनी तेवढ्या वेळात जोडीने एकमेकांचे घ्यावे. पंतोजींच्या शाळेतही थोरली मुले धाकट्यांची उजळणी घेत. (पंतोजींची छडी मात्र घेऊ नका, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने तिला बंदी आहे.)

प्रश्न : पूर्वीचे गुरू पैसे घेत नसत ना?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : सरसकट नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात दोन प्रकार आहेत : उपनयन करून वेद शिकवणारा तो आचार्य, आणि पोटासाठी वेदाचा एखादा भाग किंवा वेदांगे (व्याकरणासारखी पूरक शास्त्रे) शिकवणारा तो उपाध्याय. आम्हाला पैशांपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. कोणाला शिकवायचे नाही, हेही स्मृतींनी ठरवून दिले होते. आपल्याच बुधवार पेठेत, भिडेवाड्यात, १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती ही चौकट मोडून.