कोटावर 'येस', मतपत्रिकेवर 'नो'

प्रश्न असा आहे: "२०१४ मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात तिथल्या भारतीयांनाही मत होतं म्हणे. इथल्या कुणी दिलं होतं का? आजूबाजूचे सगळे एका बाजूला असताना वेगळं मत दिलं असेल तर कसं निभावलंत?"

हो, मत होतं. मी दिलं. 'नो'वर फुली मारली. आणि निभावलं कसं म्हणाल, तर अजिबात चांगलं निभावलं नाही. सरळ खोटं बोलले.

मी २०१२ ते २०१६ ग्लासगोत पीएचडी करत होते. १८ सप्टेंबर २०१४ च्या त्या मतदानाचा नियम जन्मावर नव्हता, राहण्यावर होता. तुम्ही स्कॉटलंडमध्ये राहता, सोळा पूर्ण आहेत, आणि ब्रिटिश, आयरिश, युरोपीय संघातल्या किंवा राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक आहात, की झालं. त्यामुळे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या गोव्यातल्या डिचोलीच्या मुलीला मत होतं आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या चिनी मुलाला नव्हतं. जन्मानं स्कॉटिश पण नोकरीसाठी लंडनला गेलेल्या लोकांनाही नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या उन्हाळ्यात ग्लासगोत दुसरा विषयच नव्हता. जुलैअखेरीस राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या, आपल्या राही सरनोबतनं नेमबाजीत सुवर्ण घेतलं, मी दोन दिवस हवेत होते. पण स्पर्धा संपल्या आणि गाडी परत तिथंच. केस कापणारी बाई पौंडावर बोलायची, बसचा ड्रायव्हर उत्तर समुद्रातल्या तेलावर. शहरापासून तासाभरावर फासलेनला अण्वस्त्रांच्या पाणबुड्यांचा तळ आहे, तो हलवायचा की नाही यावर पबमध्ये बाह्या सरसावल्या जायच्या. जुन्या दगडी इमारतींच्या खिडक्या-खिडक्यांत निळे 'येस'. 'नो थँक्स'ची पाटी शोधायला लागायची, आणि सापडली तर ती बहुधा एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याच्या खिडकीत.

आमची लॅब तर एकजात 'येस'. तिघं स्कॉटिश, एक इंग्लिश (तो सगळ्यांत कडवा, का ते देव जाणे), दोन आयरिश मुली. भारतीय मित्रमंडळींचंही गणित सरळ होतं. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं नोकरीसाठी राहू देणारा व्हिसा लंडनच्या सरकारनं २०१२ मध्ये बंद केला होता. स्कॉटिश सरकारनं नोव्हेंबर २०१३ मध्ये साडेसहाशे पानांची श्वेतपत्रिका काढली, तिच्यात तो पुन्हा सुरू करायचं आश्वासन होतं. "तुला इथं नोकरी नकोय का?" एवढा एकच प्रश्न पुरेसा होता. हवी होती की! मीही तेच गणित मांडून बघितलं होतं.

मग 'नो' का? याचं उत्तर एका डब्यात आहे.

आमच्या घरी माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात एस्कुदोची नाणी पडलीत. पोर्तुगिजांनी १९५९ मध्ये गोव्यात रुपिया बंद करून एस्कुदो आणला, आणि १९६१ मध्ये ते स्वतःच गेले. आजीनं ती नाणी जपून ठेवली होती. मुक्तीच्या विरोधात होती म्हणून नव्हे, टाकवत नव्हती म्हणून. लहानपणी आम्ही त्यांनी दुकान-दुकान खेळायचो. तेव्हा "स्वतंत्र झाल्यावर चलन कुठलं?" हा प्रश्न माझ्यासाठी अर्थशास्त्राच्या पुस्तकातला नव्हता. फेब्रुवारीत ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी पौंड वाटून वापरायला साफ नकार दिला. ५ ऑगस्टच्या टीव्हीवरच्या वादात 'नो'च्या बाजूचे म्होरके अ‍ॅलिस्टर डार्लिंगनी अ‍ॅलेक्स सॅमंडना पुन्हा पुन्हा विचारलं, पौंड नाही मिळाला तर दुसरा बेत काय? सॅमंड तेव्हा स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख, 'येस'चे म्होरके आणि फर्डे वक्ते होते, पण त्या रात्री उत्तर आलं नाही. माझ्याबरोबर टीव्ही बघणारे सगळे डार्लिंगवर हसत होते, त्यांच्या भुवयांवर विनोद चालले होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो डबा.

आणखी एक होतं. मी तिथं चार वर्षांची पाहुणी. खोली सोडून जाणाऱ्या भाडेकरूनं मधली भिंत पाडायला हात वर करावा का? तुम्ही म्हणाल, मग मत द्यायलाच नको होतं. खरंय. पण नाव नोंदवून झालं होतं, आणि मत असून घरी बसायचं आमच्या घरात कुणी शिकवलं नाही.

घराचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते, कारण मी गप्प का बसले त्याचं मूळ तिथं आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, संघप्रदेश राहायचं असेल तर दोन पानं. आमचे आजोबा फुलाचे. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ पानांचे. दोघंही मराठीच वाचायचे, पण एक 'गोमन्तक' आणि दुसरे 'राष्ट्रमत'. पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. आजोबा हा आकडा शेवटपर्यंत एखाद्या थकलेल्या कर्जासारखा सांगायचे. दोघे भाऊ नंतर दोन वर्षं एकाच ओसरीवर बसून एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप आजीमार्फत. "त्याला सांग, नारळ उतरवायला माणूस आलाय." तो 'त्याला' तीन हातांवर बसलेला असायचा.

ही गोष्ट आमच्याकडे हसत हसत सांगतात. मला तिच्यातून एवढंच कळलं होतं की मत कळलं की माणसं ओसरीच्या दोन टोकांना जातात. आणि परदेशात माझी ओसरी म्हणजे ती लॅबच होती.

तर सप्टेंबरच्या सुरुवातीची गोष्ट. रविवारी, ७ तारखेला, एका पाहणीत पहिल्यांदाच 'येस' पुढे गेलं, ५१ विरुद्ध ४९. सोमवारी संध्याकाळी आख्खी लॅब पबमध्ये. आमच्यातल्या एका स्कॉटिश मुलाचा मोठा भाऊ लंडनला नोकरीला होता. तो मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "माझ्या सख्ख्या भावाला मत नाही, आणि तुला आहे." त्यात विखार नव्हता, नुसतं नवल होतं. मग ग्लास उचलून म्हणाला, "तू त्याचं मत टाक. त्याच्या वतीनं 'येस' कर."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी ग्लासला ग्लास लावला आणि म्हटलं, "नक्की."

त्यानं खिशातून निळा बिल्ला काढला आणि माझ्या हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तो लॅबच्या पांढऱ्या कोटाला लावला. कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे मुद्दाम सांगते. कारण असं काही लिहिलं की लोकांना वाटतं, तिथं धाकदपटशा असेल. नव्हता. कुणी वाईट वागलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. ते सगळे माझ्याशी प्रेमानं वागत होते, त्याचीच अडचण होती.

एकाच व्यक्तीला मी खरं सांगितलं. आमच्याकडे एक पोलिश पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारी) होती, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. तिचं ठरत नव्हतं. एका रात्री उशिरा आम्ही दोघीच सेंट्रिफ्यूज थांबायची वाट बघत होतो. तिनं विचारलं, "तू खरंच 'येस' देणार?" मी म्हटलं, नाही. आणि एकदा तोंड उघडल्यावर मी थांबलेच नाही. पौंड, तेलाचा भाव, सगळं झालं. मग माझं हुकमी पान काढलं: युरोप. स्कॉटलंड वेगळा झाला तर युरोपीय संघात नव्यानं शिरावं लागेल, ते फार अवघड जाईल, असं संघाच्या आयोगाचे अध्यक्ष बारोसो फेब्रुवारीत बोलून गेले होते. "तू पोलिश पासपोर्टवर इथं राहतेस," मी तिला म्हटलं. "तुला युरोपात राहायचंय ना? मग ब्रिटनमध्ये राहणंच सुरक्षित आहे." तिला पटलं. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! सबंध सार्वमतात मी फिरवलेलं एकमेव मत.

गुरुवारी मतदान. आभाळ करडं होतं. केंद्र जवळच्या प्राथमिक शाळेत. टेबलावरच्या बाईंनी नाव विचारलं, यादीत रेघ मारली, मतपत्रिका दिली. ओळखपत्र नाही, काही नाही. आडोशाला दोरीनं बांधलेली जाडसर पेन्सिल. "स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का?" आणि दोन चौकोन. मी तिथं दोन मिनिटं तरी उभी असेन. बिल्ला कोटावर होता, कोट लॅबमध्ये होता, तरी छातीवर टोचल्यासारखं वाटत होतं. फुली मारली, घडी घातली, टाकली. बाहेर येऊन सवयीनं बोट बघितलं, शाई नव्हती. आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "फूल की पानं?"

रात्री त्याच मुलाच्या घरी बारा-तेरा जण जमले. मी चिवडा करून नेला होता. दीडच्या सुमारास पहिला निकाल आला, क्लॅकमॅननशर. 'नो'. छोटासा भाग, पण तिथं 'येस'ला आशा होती, त्यामुळे खोलीत एकदम सन्नाटा. मग एकेक करत 'नो' येत गेले. पहाटे ग्लासगोचा आकडा आला: 'येस' १,९४,७७९, 'नो' १,६९,३४७. शहर जिंकलं म्हणून सगळे ओरडले, पण देश हातचा गेलाय हे तोवर कळून चुकलं होतं. शेवटी ५५.३ टक्के 'नो', ४४.७ टक्के 'येस', आणि मतदान ८४.६ टक्के.

मी 'नो'च्या त्या जवळपास एक लाख सत्तर हजारांच्या आकड्याकडे बघत होते. एकाच शहरात माझ्यासारखे इतके लोक, आणि मला एकही भेटला नव्हता. का भेटेल? त्यांनीही कुठं कुठं बिल्ले लावलेले असणार.

तो मुलगा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मी जिंकले होते, आणि त्या खोलीत ते सांगायला जागा नव्हती. आनंदही झाला नाही, खरं सांगायचं तर. लग्नघरात कुणी गेल्याचं कळावं आणि आपण तेव्हा तिथं जेवत असावं, तसं काहीतरी.

सकाळी लॅबमध्ये गेले. स्टोअर्समध्ये एक आजोबा होते, काचेचं सामान द्यायचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी माझ्या कोटावरचा बिल्ला बघितला, इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस पोरी. मी तुमच्या विरुद्ध दिलं. काय करणार, पेन्शन आहे." मला भेटलेला पहिला 'नो'वाला! आणि तो माझं सांत्वन करत होता. मी म्हटलं, "थँक यू." दुसरं काय म्हणणार? बिल्ला काढून खिशात टाकला. कोटाला त्याची दोन बारीक भोकं राहिली.

इथं थांबले असते तर उत्तर बरं झालं असतं. पण प्रश्न विचारणाऱ्याला माझ्या त्या हुकमी पानाचं काय झालं तेही कळायला हवं.

२३ जून २०१६ ला ब्रिटननं युरोपीय संघात राहायचं की नाही यावर मत दिलं. या वेळी नियम वेगळा. राष्ट्रकुलवाल्यांना मत होतं, म्हणजे मला होतं. युरोपीय नागरिकांना, आयर्लंड, माल्टा, सायप्रस वगळता, नव्हतं. म्हणजे तिला नव्हतं. या वेळी लॅबमध्ये भांडण नव्हतंच. सगळे 'रिमेन', म्हणजे संघात राहायचं, मीही 'रिमेन', शहरात दोनतृतीयांश 'रिमेन', सबंध स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के. पहिल्यांदाच मी सगळ्यांबरोबर होते आणि बिल्ला मनापासून लावला होता. आणि हरलो. एकूण ब्रिटनमध्ये 'लीव्ह' ५१.९ टक्के.

२४ तारखेला सकाळी मी चहाच्या खोलीत गेले तेव्हा ती एकटीच होती, किटलीचं पाणी उकळायची वाट बघत. मला काय बोलावं सुचेना. शेवटी म्हटलं, "तेव्हा मी तुला सांगितलं होतं ते..."

"आठवतंय," ती म्हणाली.

तिनं दोन कप काढले. माझ्या चहात दूध किती घालायचं ते तिला ठाऊक होतं, तेवढंच घातलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तेव्हा 'येस' देणार होते. तुला माहीत होतं का?"

मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, तिचं ठरलेलं नाही.