नोटरीसाठी गाळा बघताय? आधी वकिलीच्या सनदेचं बघू

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात पराटी आणि तूर. ते लिहितात : ‘तहसीलसमोर नोटरीच्या टेबलापुढे कायम माणसं उभी दिसतात. माझ्या साळ्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. सहा तासांचं ट्रेनिंग, एक परीक्षा, की नोटरीचा धंदा सुरू, असं त्यात सांगतात. आमची पोरगी हुशार आहे, अर्ध्या गावाचे अर्ज तीच भरून देते. तालुक्याला तिच्यासाठी गाळा भाड्यानं घेऊन ठेवू का? नियम काय आहेत, खर्च किती येईल?’

भाऊ, गाळा घेऊ नका. ॲडव्हान्स दिला नसेल तर बरंच झालं.

साळ्यानं पाठवलेला व्हिडिओ खोटा असेल असं नाही, पण तो अमेरिकेचा असणार. तिथं नोटरीचे नियम प्रत्येक राज्य आपापले करतं, आणि बहुतेक राज्यांत त्यासाठी वकील असावं लागत नाही. कॅलिफोर्नियात अठरा वर्षं पूर्ण झालेला माणूस सहा तासांचा वर्ग करतो, परीक्षा देतो, बोटांचे ठसे देतो, पंधरा हजार डॉलरचा हमीबाँड काढतो आणि चार वर्षांसाठी नोटरी होतो. लोक तिथं गाडी घेऊन घरोघरी जाऊन सह्या घेतात, म्हणून त्याला धंदा म्हणतात. आपल्याकडे ते चालत नाही.

आपल्याकडे १९५२ चा नोटरी कायदा आणि १९५६ चे नोटरी नियम सगळ्या देशाला लागू आहेत. नेमणूक केंद्र सरकार करतं किंवा राज्य सरकार करतं. राज्य सरकारचा नोटरी राज्यापुरता किंवा राज्यातल्या ठरवून दिलेल्या भागापुरता असतो. न्यायिक सेवेतल्या आणि सरकारच्या कायदेविषयक पदांवरच्या काही अधिकाऱ्यांची वाट वेगळी आहे, ती सोडली तर नोटरी व्हायला आधी वकील असावं लागतं, आणि तेही किमान दहा वर्षं वकिली केलेला. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी ही अट सात वर्षांची आहे. म्हणजे तुमच्या लेकीला सात. तीन वर्षांचं एलएल.बी. आणि पुढे सात वर्षं वकिली. आज ती एकवीस वर्षांची धरली, तर एकतिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी ती अर्ज करू शकेल. तरीही प्रत्येक राज्यात नोटरींची संख्या ठरलेली असते, त्यामुळे जागा निघण्याची वाट बघावी लागते.

हे वाचून तुमचं मन खट्टू होईल, मला कळतं. पण दहा वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

अर्जाबद्दलची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. नियमाप्रमाणे वकिलाच्या अर्जावर मॅजिस्ट्रेटची सही लागते, राष्ट्रीयीकृत बँकेच्या मॅनेजरची लागते, एका व्यापाऱ्याची लागते आणि त्या भागातल्या दोन प्रतिष्ठित माणसांची लागते. ज्या गावात शिक्का मारायचा, त्या गावानं आधी ‘हा माणूस भरवशाचा आहे’ असं लिहून द्यायचं. तुमची मुलगी आजच लोकांचे अर्ज भरून देते, म्हणजे या सह्यांची तयारी तिनं नकळत सुरू केली आहे. नेमणूक झाली की प्रमाणपत्र पाच वर्षांचं मिळतं आणि पुढे पाच-पाच वर्षांनी त्याचं नूतनीकरण होतं. पाच सेंटिमीटर व्यासाचा गोल शिक्का, त्यावर नाव आणि कार्यक्षेत्र. प्रत्येक कामाची रजिस्टरमध्ये नोंद, फीची पावती, फीचा तक्ता कार्यालयात लोकांना दिसेल असा लावलेला, आणि जानेवारीत वर्षभराच्या कामाचं विवरण सरकारकडे.

तुम्हाला टेबलापुढची माणसं दिसली. टेबलामागची जोखीम बाहेरून दिसत नाही. नोटरी मुख्यतः एवढंच सांगतो, की हा माणूस माझ्यासमोर आला, मी त्याची ओळख पटवली आणि त्यानं माझ्यासमोर सही किंवा अंगठा केला. सातबाऱ्यावर ‘रामराव’ आणि आधारवर ‘रामाजी’, दोन्ही एकच, असं प्रतिज्ञापत्र. वारसांचं प्रतिज्ञापत्र. बँकेत द्यायचं हमीपत्र. कामं छोटी दिसतात. पण माणूस समोर नसताना कोणी आधीच सही केलेला कागद पुढं केला आणि ओळखीपाळखीत शिक्का बसला, तर एखाद्या बहिणीचा वाटा जातो. अशा गैरवर्तनाची चौकशी होऊन नोटरीचं नाव सरकारी नोंदवहीतून काढता येतं.

आता प्लॉट ‘नोटरीवर’ घेण्याबद्दल. हे मी मुद्दाम लांबवून लिहितोय, कारण आपल्या भागात यात फार लोक बुडाले. माझ्या एका आतेभावानं तालुक्याच्या गावाला लागून प्लॉट घेतला. स्टॅम्पपेपरवर करार, त्यावर नोटरीचा लाल शिक्का. पैसे तूर विकून दिलेले. चार वर्षांनी फेरफार करायला गेला तेव्हा कळलं, की तोच प्लॉट मूळ मालकानं दुसऱ्याला खरेदीखतानं विकलाय आणि तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला आहे. शिक्का खरा होता, सह्या खऱ्या होत्या, पण मालकी मिळालीच नव्हती. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होत नाही. नुसत्या करारावर, मुखत्यारपत्रावर किंवा विक्रीऐवजी करून दिलेल्या मृत्युपत्रावर मालकी जात नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०११ साली सुरज लॅम्प या कंपनीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय. लग्न आणि काडीमोडाच्या कागदांचंही तसंच आहे. नोटरी हा विवाह अधिकारी नाही, त्यानं असे दस्त करू नयेत, असं केंद्रीय कायदा मंत्रालयानं २०२४ मध्ये लेखी बजावलंय. तुमची लेक उद्या त्या खुर्चीत बसली, तर ‘काका, याचं खरेदीखत नोंदवून घ्या, माझ्या शिक्क्यानं वावर तुमचं होणार नाही’ असं म्हणून समोरची फी परत करायची हिंमत तिच्यात लागेल. ती हिंमत तिच्यात आहे का, हे मला तिच्या मार्कांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

कमाईचं म्हणाल, तर फी नियमानं ठरलेली असते, मनाला येईल ती लावता येत नाही. शिवाय काही कामं आता कमीही झालीत. २०१५ पासून राज्य सरकारनं बऱ्याच दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साधं स्वयंघोषणापत्र चालवायला सुरुवात केली, आणि ते गरिबांच्या भल्याचंच झालं. म्हणून घर नुसत्या शिक्क्यावर चालेल असं धरू नका. घर वकिलीवर चालतं, शिक्का त्याला हातभार लावतो.

‘धंदा’ हा शब्दही इथं अडतो. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतलेल्या वकिलाला बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांप्रमाणे स्वतः दुसरा धंदा चालवता येत नाही, पगाराची पूर्णवेळ नोकरी करता येत नाही, जाहिरातही करता येत नाही. आज तिनं गावात सेवा केंद्र टाकलं तर हरकत नाही, शिकता शिकता दोन पैसे येतील आणि कागदांची ओळखही वाढेल. पण सनद घ्यायच्या वेळी ते भावाच्या किंवा आणखी कोणाच्या हाती सोपवावं लागेल. हे आधीच घरात बोलून ठेवा.

मग आत्ता काय करायचं? बी.ए. पूर्ण होऊ द्या. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याच्या सीईटी कक्षाची विधी प्रवेश परीक्षा असते. पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. यवतमाळला अमोलकचंद विधी महाविद्यालय आहे, अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालय. दारव्ह्याहून दोन्ही फार दूर नाहीत, तेव्हा आधी तिथंच बघा. प्रवेश सरकारी फेरीतूनच घ्या, फीच्या बहुतेक सवलती त्यावरच मिळतात. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींसाठी राज्यानं २०२४ पासून फीमाफी आणली आहे. ती तुमच्या प्रवर्गाला आणि त्या कॉलेजला कशी लागू होते, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात बसून विचारा, ऐकीव माहितीवर राहू नका.

सनदेसाठी नोंदणी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे होते. तिथं मोठी रक्कम मागितली जायची, पण जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की कायद्यात लिहिलंय तेवढंच घ्या, म्हणजे साडेसातशे रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींना सव्वाशे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा पास करावी लागते. पहिली तीन-चार वर्षं ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली जातील, तेव्हा घरून थोडा आधार द्यावाच लागेल. ग्रामीण भागातल्या कनिष्ठ वकिलाला महिन्याला पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये केली, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुका कोर्टात एवढे मिळतील असं धरून घरखर्चाचा हिशेब मांडू नका. ज्येष्ठ निवडताना त्यांच्याकडे जमिनीची कामं किती येतात ते बघा. फेरफार, वाटणी, मोजणी हे ज्याला कळतं, त्या वकिलाला दारव्ह्यात काम कमी पडत नाही.

एवढ्या पत्रात मला मुलीचं म्हणणं कुठंच दिसलं नाही. तिला कोर्टात उभं राहायचंय का? की हिशेबाचं, ऑफिसातलं काम जास्त आवडतं? तसं असेल तर वाट वेगळी धरू, त्यातही काही बिघडत नाही. पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. बारावीचे आणि आतापर्यंतच्या सेमिस्टरचे टक्के, प्रवर्ग, आणि गावातल्या लोकांचे अर्ज भरताना तिला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, एवढं तिला लिहायला सांगा.