क्रोशाच्या पॉपकॉर्न टाक्याचा दाणा फुगत नाहीये?

अगं, फोटो बघितला. तुझे पाच खांब (उंच टाके) छान आलेत, घोळ त्यानंतर होतोय. एकाच घरात, म्हणजे खालच्या ओळीतल्या एकाच टाक्यात, पाच खांब झाले की शेवटचा फास जरा लांब ओढून सुई काढून घे. मग पहिल्या खांबाच्या डोक्यात समोरून सुई घाल, तो सुटा फास पकडून आरपार ओढ आणि एक साखळी घट्ट घाल. दाणा टम्म फुगतो! उलट्या बाजूच्या ओळीत मात्र सुई मागून घालायची, नाहीतर दाणे पाठीमागे उगवतात. त्यापायी मी उशीचा अख्खा अभ्रा उसवलाय. लोकर भरपूर खातो हा टाका, एक गुंडा जादाच आण. आणि काळा रंग सध्या नकोच, घरं दिसत नाहीत.