दुसरीच्या मुलांना नर्सिंगचा इतिहास कुठून सांगायला सुरुवात करावी? (शाळा सोलापुरात आहे)

हात धुण्यापासून करा, सनावळ्या नंतर. वर्गात शिकवताना दिसतं की या वयाची मुलं हाताने केलेलंच लक्षात ठेवतात. एकाच्या तळहाताला रांगोळीची पूड लावून सगळ्यांना हात मिळवायला सांगा. रंग कुठवर पोचला ते बघून झालं की फ्लोरेन्स नाइटिंगेल सांगा: १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ती तुर्कस्तानातल्या लष्करी इस्पितळात गेली, तेव्हा तिथे जखमांपेक्षा पटकी, हगवण, टायफससारख्या रोगांनीच जास्त सैनिक मरत होते. रात्री रुग्णांना बघायला ती हातात दिवा घेऊन फिरे; तो दिवा मुलं हमखास पणतीसारखा काढतात. खरा होता घडीचा तुर्की कंदील, आपल्या आकाशकंदिलाचा भाऊच. करून घ्या तो कागदाचा.

मग घरचं उदाहरण. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करणारे सोलापूरचे डॉ. कोटणीस मुलांनी ऐकलेले असतात. त्यांच्या पत्नी क्वो चिंगलान चीनमध्ये परिचर्या शिकवत. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना गेलेल्या सावित्रीबाईही सांगा, पण त्या प्रशिक्षित परिचारिका नव्हत्या, एवढं स्पष्ट करा. युद्धातल्या जखमांची वर्णनं मात्र या वयाला नकोत. १२ मे हा परिचारिका दिन सुट्टीत येतो, त्यामुळे हे मार्चमध्येच उरका.