किचनरला येताय आणि ग्रँड नदीत गरवायचंय, तर

तुम्ही विचारलंय की जूनअखेर चिपळूणहून कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या किचनरला येताय, सोबत पत्नी आणि पाचवीतला मुलगा आहे, तर काय काय ठाऊक असावं. आणि वाशिष्ठीवर गरवायची सवय आहे, तर इथल्या ग्रँड नदीत फ्लाय रॉडने (हुकावर केस-पिसं बांधून केलेलं नकली आमिष, म्हणजे फ्लाय, फेकायच्या काठीने) स्मॉलमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा कसा धरतात. बँक, हेल्थ कार्ड, सिन नंबर (नोकरी-करासाठीचा सरकारी क्रमांक), घरभाडं हे सगळं सरकारी पानांवर नीट लिहिलेलं आहे, ते मी इथे उगाळत नाही. माशापासूनच सुरू करतो. हा प्रश्न इथे येणारं माणूस सहसा विचारत नाही, आणि तो वाचून मला फार बरं वाटलं.

आधी परवाना. ऑन्टारियोचे रहिवासी म्हणून स्वस्तातला परवाना हवा असेल तर अर्जाआधीच्या १२ महिन्यांत सलग ६ महिने इथे राहिलेलं असावं लागतं. तोवर दर परदेशी पाहुण्याचा. जूनअखेर आलात तर सहा महिने भरतात डिसेंबरअखेर, आणि तेव्हा काठावर बर्फ असतो. भाड्याच्या करारावर सही करताना, पगारातून कर कापला जाताना पहिल्या दिवसापासून तुम्ही इथले. नदीकाठी मात्र पाहुणे. मला हे आजही खुपतं. तरीही थांबू नका. महाग पडला तरी पहिल्याच उन्हाळ्यात परवाना घ्या. दोन प्रकार असतात, स्पोर्ट आणि कॉन्झर्व्हेशन; मासा सोडूनच द्यायचा असेल तर कॉन्झर्व्हेशन पुरतो आणि कमी पैशांत मिळतो. पहिली थंडी पडायच्या आत या मुलखातली एक तरी जागा तुमच्या पायाखालची झालेली असावी. हिवाळा कसा जातो ते बरंचसं त्यावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

बासचा मोसम जूनच्या उत्तरार्धातल्या एका शनिवारी उघडतो. तारीख त्या वर्षीच्या नियमावलीत बघा. त्याआधी का नाही, हे समजून घ्या. पाणी १५ ते १८ अंश सेल्सियसला आलं की नर गोट्यांत वाफा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर राखण करतो. त्याला तिथून उचललात तर दुसरे मासे काही मिनिटांत अंडी फस्त करतात. सोडून देणारच आहोत, मग काय हरकत, हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

साहित्य. ९ फुटी, ७ वेटचा (वेट म्हणजे रॉड पेलतो त्या लाइनीच्या वजनाचा क्रमांक), चार तुकड्यांचा रॉड. वेट-फॉरवर्ड फ्लोटिंग लाइन, म्हणजे तरंगणारी, पुढचा भाग आखूड आणि जड असलेली, बाससाठीच विकतात ती. पैसे लाइनवर घाला, रीलवर नको. हा मासा लांब पळत नाही. उडी मारतो आणि मग खाली धोंड्यांत घुसतो. २० पाउंडाचं डेक्रॉन बॅकिंग (लाइनीमागचा राखीव दोरा) १०० यार्ड मावेल असं साधं रील पुष्कळ झालं. लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा लीडर घरी बांधा: २५ पाउंडाचा नायलॉन ४ फूट, १६ पाउंडाचा २ फूट, १० पाउंडाचा २ फूट. बुडाशी जाड नसेल तर जड फ्लाय हवेत कोलमडते आणि लाइनीच्या ढिगाऱ्यावरच पडते. फ्लाय लूप नॉटने (न आवळणाऱ्या फासाच्या गाठीने) बांधा, म्हणजे ती मोकळी डुलते.

फ्लाय तीनच आणा. पहिली क्लाउझर मिनो, छोट्या माशासारखी, हुक ४ नंबर. पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी ती ससक्वेहाना नदीतल्या याच माशासाठी बांधली. तिचे डंबेलसारखे धातूचे डोळे हुकाच्या दांड्यावर वरच्या अंगाला बांधतात, त्यामुळे ती पाण्यात उलटते, हुकाचं टोक वर राहतं आणि तळाच्या दगडात कमी अडकते. डोळ्यांचं वजन पाऊण ते एक ग्रॅम. हरणाच्या शेपटीचे केस विरळच ठेवा, दाट बांधली की ती पटकन बुडत नाही. दुसरी क्रेफिश, नदीतल्या छोट्या शेवंडासारखी, काळपट हिरवी किंवा तांबूस. तिसरी पॉपर, पाण्यावर तरंगणारी, ६ नंबर. हुकाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका आणि चष्म्याशिवाय कास्ट करू नका, म्हणजे लाइन फेकू नका. जड फ्लाय डोक्यावरून जाते, म्हणून कास्ट संथ आणि रुंद हवी: मागे रॉड आडवा न्यायचा, पुढे उभा आणायचा.

आता खरी गोष्ट, डावा हात. गळाला मासा लागला की काठी वर ओढायची सवय तुमच्या अंगात आहे. इथे तीच आड येते. क्लाउझर प्रवाहाला आडवी, जरा खालच्या दिशेला, १० ते १२ मीटरवर टाका. लाइनीचा मधला फुगवटा प्रवाहाच्या वरच्या बाजूला एकदा उलटवा. तीन मोजा. रॉडचं टोक पाण्याला टेकवून फ्लायच्या दिशेला रोखा आणि डाव्या हाताने फूटभर ओढा, पुन्हा फूटभर, मग दोन सेकंद थांबा. थांबलात की फ्लाय नाक खाली करून बुडते, आणि मासा बहुतेक वेळा तेव्हाच घेतो. धक्का बसेलच असं नाही. लाइन नुसती अडल्यासारखी वाटते. त्या क्षणी रॉड उचलायचा नाही. डाव्या हाताने सरळ दोन फूट खेचायचं, जड लागलं तरच रॉड वर. कारण साधं आहे: हुक चुकला तरी फ्लाय दोन फूटच सरकते, माशासमोरच राहते आणि तो पुन्हा येतो. रॉड उचललात तर फ्लाय पाण्याबाहेर आणि मासा सावध. टोक पाण्यापासून फूटभर वर राहिलं तरी लाइनीला झोळ पडतो आणि काहीच कळत नाही.

क्रेफिशची तऱ्हा वेगळी. ती वरच्या दिशेला तिरपी टाकून तळाशी लोळत येऊ द्यायची, समोर आली की दोन-दोन इंचांच्या बारीक झटक्यांनी ओढायचं. तळ लागत नसेल तर व्यर्थ. प्रत्येक कास्टला अडकत असेल तर जड झाली. अडकली तर खेचू नका. अडकलेल्या जागेच्या पलीकडे रोल कास्टने, म्हणजे लाइन मागे न नेता, सैल लाइन फेका आणि उलट्या बाजूने ताण द्या, बहुधा सुटते.

पॉपर जुलै-ऑगस्टच्या संध्याकाळी, काठच्या सावलीत. पडल्यावर पाण्यातली वलयं विरेपर्यंत हात हलवायचा नाही. मग एकच टिचकी, पुन्हा पाच सेकंद. टिपेट (लीडरचा फ्लायजवळचा शेवटचा तुकडा) नायलॉनचाच, फ्लुरोकार्बन बुडतो आणि पॉपरचं तोंड खाली ओढतो. फसफस दिसली म्हणून खेचू नका, लाइन ताठ होऊ द्या. ऑगस्टमध्ये काळोख पडताना पांढऱ्या मेफ्लाय (पाण्यातून निघणारे नाजूक किडे) उठतात, तेव्हा पॉपर ठेवून द्या आणि पांढरी ड्राय फ्लाय, म्हणजे तरंगणारी हलकी फ्लाय, प्रवाहाबरोबर सोडा.

जागा म्हणाल तर केंब्रिज ते पॅरिस (ऑन्टारियोतलीच गावं) हा टप्पा. जुन्या रेल्वेमार्गाची पायवाट नदीला लागून जाते, ग्लेन मॉरिसला उतरता येतं. मांडीएवढ्या पाण्यात मोठे धोंडे बघा. मासा धोंड्याच्या मागे बसतो तसा पुढच्या संथ पट्ट्यातही बसतो, आणि पुढचा पट्टा बहुतेक जण टाकून देतात. थर्मामीटर खिशात ठेवा. पाणी १० अंशांखाली असलं की मासा खोलात सुस्त. १८ ते २४ उत्तम. २६ च्या वर फक्त पहाटे, आणि लवकर सोडायचा. नदीचा विसर्ग ग्रँड रिव्हर कॉन्झर्व्हेशन ऑथॉरिटी रोज जाहीर करते. गढूळ असताना जाऊ नका. पाणी उतरून दोन फूट खोलवरचं दिसायला लागलं की तो दिवस सोडू नका. खडकांवर शेवाळ फार, त्यामुळे खिळ्यांचे बूट आणि टेकायला काठी लागतेच. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड बघा. इथे तिच्यापासून लाइम नावाचा रोग होऊ शकतो. चावलेली दिसली तर बारीक चिमट्याने सरळ उपटा आणि फार्मसीत जा.

खाण्याबद्दल विचारलं नाहीत, पण चिपळूणचे आहात म्हणून सांगतो. मांस पांढरं, घट्ट. तिरफळं घालून बरं लागतं. पण मोठ्या माशात पारा साठतो. ऑन्टारियो सरकार जागेनुसार आणि लांबीनुसार महिन्यात किती खावा ते छापतं. ते बघूनच, आणि मुलाला कमीच.

मुलाच्या शाळेचं. यत्ता इथे जन्मवर्षावरून ठरते, मार्कांवरून नाही. घरी मराठी बोलतो असं फॉर्मवर लिहिलंत की इंग्रजी माध्यमातल्या मुलाचीही इंग्रजीची चाचणी होऊ शकते. खरं तेच लिहा. पण जादा इंग्रजीसाठी त्याला कुठल्या तासाला वर्गाबाहेर नेणार हे पहिल्याच आठवड्यात लेखी विचारा. गणितात पुढे असलेलं मूल नेमकं गणिताच्याच तासाला बाहेर बसतं आणि पालकांना ते सहामाहीला कळतं, असं होतं. मला या गोष्टीचा राग अजून आहे. आणि एक: तुम्ही याल तेव्हा शाळा नुकत्याच सुटलेल्या असतील, त्या सप्टेंबरात उघडतात. दोन महिने त्याला ना वर्ग, ना मित्र. त्याला नदीवर न्या.

एकटेपणाबद्दल तुमच्या पत्नीने विचारलंय. असतो. शनिवारी दुपारी चार वाजता जास्त असतो, त्या वेळी घरी फोन करावा तर तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. म्हणून शनिवारी दुपारी मी घरात थांबत नाही. यापलीकडचा उपाय मला सापडलेला नाही.

रॉड तिथूनच घेऊन या, चार तुकड्यांची नळी मोठ्या बॅगेत मावते. पण पाऊस लागायच्या आत मैदानावर सराव करा. हुकाऐवजी लोकरीचा गोंडा बांधा, नऊ-दहा मीटर लाइन, दोनपेक्षा जास्त खोट्या कास्ट (लाइन खाली न टेकवता हवेतच मागेपुढे नेणं) नाहीत. मग रॉडचं टोक जमिनीला लावून ठेवा आणि गोंडा मुलाच्या हातात द्या. त्याने न सांगता कधीही झटका द्यायचा, आणि तुम्ही रॉड न हलवता डाव्या हाताने खेचायचं. रोज पंधरा मिनिटं, उजवा हात आपोआप वर जायचा थांबेपर्यंत.