वाचकांचे प्रश्न : वाळवंट, अमीर आणि तेल

प्रश्न : वाळवंटी चित्रपटांत दोन अमीर मधल्या एका पट्ट्यावरून लढतात आणि नेमकं तिथेच तेल निघतं. असा पट्टा खरंच होता का?

उत्तर : होता, सौदी अरेबिया आणि कुवेतच्या मध्ये. डिसेंबर १९२२ मध्ये आजच्या सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरील उकैर बंदरात ब्रिटिश अधिकारी सर पर्सी कॉक्स यांनी हद्दी आखल्या. कुवेतचा जवळपास दोन-तृतीयांश मुलूख पुढे सौदी अरेबिया स्थापन करणारे इब्न सौद यांच्याकडे गेला. कुवेतचे शेख बैठकीला नव्हतेच, त्यांच्या वतीने बोलला तोही ब्रिटिश अधिकारीच. हा उघड अन्याय होता. वाळवंटातल्या भटक्या बदू टोळ्या कळप घेऊन विहिरींवर दोन्हीकडून येत, म्हणून सुमारे ५,७०० चौरस किलोमीटरचा पट्टा दोघांचा सामाईक ठेवला. १९४८ मध्ये कुवेतने एका अमेरिकी कंपनीला इथे तेल शोधण्याचा परवाना दिला, १९४९ मध्ये सौदीने दुसरीला. १९५३ मध्ये या पट्ट्यातल्या वफ्रा इथे तेल लागलं. पुढे १९६५ च्या कराराने जमीन वाटली गेली, तेल मात्र आजही निम्मं-निम्मं.

प्रश्न : पहिल्याच विहिरीतून तेलाचं कारंजं उडतं का?

उत्तर : क्वचितच. सौदीतल्या दम्मामला आधीच्या विहिरींनी निराशाच केली. सातवीत मार्च १९३८ मध्ये सुमारे १,४४० मीटरवर भरपूर तेल लागलं. कारंजं उडणं हा तर अपघात. विहिरीत जड चिखल भरून खालचा दाब रोखतात. चिखल हलका पडला की तेल आणि वायू उसळतात, आणि एक ठिणगीही पुरते.